आरपीजीतली साइड क्वेस्ट: खेळाडूने ती केलीच नाही तर?

अर्धवट_सेव्ह (धागाकर्ता)

दोघं मिळून एक छोटी टॉप-डाउन (वरून दिसणारी) आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा व्हिडिओ गेम, बनवतोय. कथा आणि क्वेस्ट (खेळाडूला मिळणारी कामं) माझ्याकडे, कोड आणि चित्रं मित्राकडे. गोष्ट साधी आहे: शत्रूचा वेढा पडायच्या आत डोंगरावरच्या किल्ल्यात एक निरोप पोचवायचा. वाटेत तीन गावं, एक नदी, एक पडका बुरूज. मुख्य कथा पाचएक तासांत संपते आणि ती बऱ्यापैकी जमली आहे. गाडी अडलीये ती ऐच्छिक भागावर, म्हणजे साइड क्वेस्टवर.

ओळखीच्यांना खेळायला दिल्यावर सरळ दोन तट पडले. पहिले सफाईवाले. घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघणारी माणसं असतात ना, तसे हे मॅपचा कोपरा न कोपरा तपासल्याशिवाय पुढच्या गावाला जातच नाहीत. किल्ल्यापाशी पोचेपर्यंत यांची लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) एवढी चढलेली असते की शत्रूचा सेनापती दोन वारांत आडवा. दुसरे नाकासमोर चालणारे. निरोप घेतला की सुसाट. नावाड्याशी बोलत नाहीत, बुरुजाकडे ढुंकून बघत नाहीत, आणि शेवटी म्हणतात की जग रिकामं वाटलं. तक्रार दोघांचीही रास्त आहे.

मोठ्या स्टुडिओंनी काय केलंय ते बघायला गेलो तर तिथेही सगळं आलबेल नाही. ड्रॅगन एज: इन्क्विझिशन (२०१४) मधलं हिंटरलँड्स आठवा. पहिलाच मोठा प्रदेश. निर्वासितांसाठी मेंढ्यांचं मांस आणा, त्यांच्यासाठी पांघरुणं शोधा, दगडांचे तुकडे वेचा. तिकडे आभाळाला भोक पडलंय आणि आपण इथे मेंढ्यांच्या मागे. लोक तिथेच एवढे रुतले की ‘हिंटरलँड्स सोडा, पुढे जा’ हा सल्ला नव्या खेळाडूंना हमखास दिला जायचा. ज्या भागातून निघून जा असं लोकांना सांगावं लागतं, तो भाग नक्की कुणासाठी बनवला?

माझं आत्तापर्यंतचं मत असं की साइड क्वेस्ट लिहिताना आपण ‘केली तर काय मिळेल’ एवढंच लिहितो. ‘सोडली तर काय होईल’ हा कागद कोराच राहतो. तुम्हाला हे कुठे जमलेलं दिसलं? स्पॉयलर चालतील, फक्त आधी सांगा.

रानवाट

छान विषय. सोडली तर काय, याचं सगळ्यात रोखठोक उत्तर मास इफेक्ट २ (२०१०) मध्ये आहे. (स्पॉयलर!)

प्रत्येक साथीदाराचं स्वतःचं एक मिशन असतं. कुणाचा बापाशी हिशोब बाकी, कुणाला जुन्या दगाबाजाचा सूड घ्यायचाय. करायलाच हवं असं नाही. पण शेवटच्या मोहिमेत ज्याचं मन अजून मागेच अडकलंय असा गडी नाजूक कामावर पाठवलात, तर तो जातो किंवा त्याच्यापायी दुसरा जातो. सेव्ह पुढे नेलीत तर तिसऱ्या भागातही तो गेलेलाच असतो.

मला त्याहून भारी वाटते ती पुढची गोष्ट. जहाजावरचा क्रू पळवला जातो. तडक मागे गेलात तर सगळे वाचतात. ‘आधी एक-दोन कामं उरकू’ म्हणत एक ते तीन मिशन केलीत तर निम्मे गेले. आणखी रेंगाळलात तर डॉक्टरीणबाई सोडून कोणी उरत नाही. म्हणजे एकाच खेळात आधी साइड मिशन न करण्याची किंमत आहे आणि नंतर करत बसण्याचीही आहे. तुमच्या निरोप्याला हे चपखल बसेल.

चकवा

रानवाट, साफ असहमत. ती साथीदारांची मिशन म्हणजे मुख्य कथाच आहे, फक्त क्रम आपल्या हातात दिलाय. आवडतं पात्र मरणार हे एकदा कळल्यावर कोण सोडणार? कपाळाला बंदूक लावून ‘तुमची मर्जी’ म्हणण्यातला प्रकार.

खरा ऐच्छिक भाग बघायचा तर डार्क सोल्स (२०११) मधलं अ‍ॅश लेक. ब्लाइटटाउनच्या दलदलीत एक अवाढव्य झाड आहे. त्याच्या बुंध्यात खोटी भिंत, भिंतीमागे पेटी. माणूस पेटी उघडतो, खूश होतो, परत फिरतो. त्या पेटीमागे दुसरी खोटी भिंत आहे! ती फोडली की पोकळ झाडाच्या आतून खाली, आणखी खाली, आणि मग एकदम तो राखेचा किनारा समोर येतो. कथा पुढे सरकायला तिथे जायची काडीची गरज नाही. अख्खा प्रदेश बनवायचा, त्याला संगीत द्यायचं, आणि पुष्कळांना दिसणारच नाही अशा जागी तो ठेवून द्यायचा. याला छाती लागते.

अर्धवट_सेव्ह, तुमचा कागद कोरा असेल तर असू द्या की. प्रत्येक न केलेल्या गोष्टीची शिक्षा कशाला?

मधलीसुट्टी

रुमाल टाकून ठेवते.

(पेटीमागची दुसरी भिंत?? मी खूश होऊन परत फिरलेल्यांपैकी. आता परत इन्स्टॉल करणं आलं.)

गूढकथी

चकवा, शिक्षा आणि परिणाम यात गल्लत होतेय. पण त्यावर नंतर येते. धागाकर्त्यांची अडचण मला मुळात घाईची वाटते. तुमची कथा ‘धाव’ म्हणते आणि नकाशा ‘थांब’ म्हणतो. दोघांपैकी एक खोटं बोलतोय हे खेळाडूला पहिल्या अर्ध्या तासात कळतं, आणि ते बहुतेक वेळा कथाच असते.

विचर ३ (२०१५) माझा लाडका खेळ, पण तिथेही हेच. पोरीच्या मागे काळ लागलाय, बाप जिवाच्या आकांताने तिला शोधतोय, आणि वाटेत प्रत्येक गुत्त्यात बसून ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे डाव टाकतोय. आपण हसून सोडून देतो, कारण लेखन फार वरच्या दर्जाचं आहे. सायबरपंक २०७७ मध्ये तर नायकाच्या डोक्यात मरण बसलंय, आणि फोनवर कोणीतरी गाडी विकत घ्या म्हणून मेसेज पाठवतंय.

यातून सुटायच्या मला तीन वाटा दिसतात आणि तिन्ही जुन्या आहेत.

एक, घाई खरी करा. पहिला फॉलआउट (१९९७). व्हॉल्टची (जमिनीखालच्या वस्तीची) पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीये, हातात १५० दिवस. प्रवासात दिवस खरोखर जातात. त्यामुळे वाटेतल्या गावात कोणी मदत मागितली की आपण मनातल्या मनात कॅलेंडर बघतो. वर पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन १०० दिवस विकत घेता येतात, म्हणजे वेळ हीच मिळकत. अनेकांना ती मुदत जाचायची, मान्य. पण तिथे ‘हे काम घेऊ का नको’ या प्रश्नाला वजन आहे. पर्सोना मालिकेवाले हेच वेगळ्या तऱ्हेने करतात: एक दुपार, एकच काम, कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं.

दोन, घाई फक्त जिथे दिसते तिथेच ठेवा. बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये वॉकीन्स रेस्ट नावाची एक सराय पेटलेली असते. तुम्ही तिकडे फिरकलाच नाहीत तर तुमच्यावर काही येत नाही. पण आग डोळ्यांनी बघितली, आतल्यांच्या हाका ऐकल्या, आणि तरी तंबूत जाऊन रात्रभर झोपलात, तर सकाळी ती माणसं नाहीत. हे मला फार न्याय्य वाटतं. जे तुम्हाला माहीतच नव्हतं त्याचा जाब खेळ विचारत नाही.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यांत सुरेख: ऐच्छिक भाग कथेतल्या उसंतीच्या जागी ठेवा. क्रोनो ट्रिगर (१९९५). शेवटच्या शत्रूवर चालून जायला सगळं तयार आहे. अशा वेळी काळाच्या टोकाला बसलेला म्हातारा गॅस्पर म्हणतो, जायच्या आधी ही काही कामं राहिलीत बघा, आणि एकेक खूण सांगतो. घाई नाही, कारण हातात कालयंत्र आहे! कथेनेच परवानगी दिलीये.

आणि ती कामं तरी काय! (स्पॉयलर) वाळवंट झालेलं रान पुन्हा उभं करायला रोबो मागे थांबतो. आपण यंत्रात बसून ४०० वर्षं पुढे येतो, आपल्यासाठी काही सेकंद. त्याच्यासाठी ४०० वर्षं. रान उभं राहिलंय, तो गंजून पडलाय. त्याला दुरुस्त करतात, रात्री शेकोटीभोवती सगळे बसतात, आणि त्याच रात्री लुक्काला तिच्या लहानपणाचं दार उघडं मिळतं. आईचा झगा यंत्रात अडकलाय. यंत्र थांबवायचा संकेतशब्द म्हणजे आईचंच नाव, लारा. ते कंट्रोलरवरच्या एल, ए, आर, ए या बटणांनी भरायचं, तेही भराभर. नाही जमलं तर आईचे पाय जातात ते जातातच. खेळ संपत नाही, कोणी रागावत नाही, पुन्हा संधीही नाही.

चकवा, याला मी परिणाम म्हणते. शिक्षा वेगळी.

अर्धवट_सेव्ह

गूढकथी, दुसरी वाट वाचून उठून दोन फेऱ्या मारल्या. आमच्याकडे वरच्या कोपऱ्यात ‘वेढ्याला उरलेले दिवस’ असा आकडा आहे आणि तो कथेच्या टप्प्यांवर बदलतो, खेळाडूच्या वागण्यावर नाही. म्हणजे शोभेचा. सफाईवाल्यांनी हे पहिल्याच गावात ओळखलं. नाकासमोरच्यांनी ओळखलं नाही, म्हणून ते धावले आणि त्यांना काही दिसलं नाही. एकाच आकड्याने दोन्ही तट पाडलेत की काय असं वाटायला लागलंय.

आकडा खरा करायची भीती अशी की पहिल्यांदा खेळणाऱ्याला कशाला किती वेळ लागेल याचा अंदाजच नसतो.

तिसरा_डोळा

किंमत आधी सांगा. नावाडी ‘अर्धा दिवस जाईल’ म्हणाला तर अर्धाच गेला पाहिजे. वेळ लपवला की लोक सेव्ह लोड करत बसतात.

आता लेव्हलबद्दल, कारण त्यावर अजून कोणी बोललं नाही आणि सेनापती दोन वारांत पडतो ती तक्रार त्यातूनच येते. जोवर साइड क्वेस्ट एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) देते, तोवर ती ऐच्छिक नसते. ती मुख्य कथेच्या गणितात घुसलेली असते. मग डिझायनरपुढे दोनच पर्याय: सगळं करणाऱ्याला धरून आकडे बसवा (थेट जाणारा मेला), किंवा थेट जाणाऱ्याला धरून बसवा (सफाईवाल्याला मजा नाही).

यावरचे उपाय बघू. ओब्लिव्हियन (२००६) ने शत्रूच खेळाडूबरोबर वाढवले. परिणाम असा की वरच्या लेव्हलला रस्त्यावरचा फुटकळ दरोडेखोर काचेचं महागडं चिलखत घालून तुमच्याकडे चिल्लर मागतो. इतकी कमाई असेल तर दरोडे कशाला घालतोस बाबा. विचर ३ ने उलटं केलं: तुमच्या बऱ्याच खालच्या लेव्हलची क्वेस्ट राखाडी होते आणि एक्सपी नावापुरता. गणित सुटतं, पण उशिरा सापडलेली चांगली गोष्ट यादीत राखाडी दिसली की करावीशीच वाटत नाही. फॉलआउट न्यू व्हेगसने (२०१०) लेव्हलला ३० वर टोपी घातली, मग प्रत्येक मोठ्या डीएलसीबरोबर (नंतर विकत मिळणाऱ्या जोडभागाबरोबर) ती पाचाने वर सरकवली. बोथट उपाय, पण लहान खेळात चालून जातो.

तुमच्या खेळात मी सरळ एक्सपी फक्त मुख्य टप्प्यांवर देईन. बाजूच्या कामातून ताकद नाही, वाटा मिळू द्या. दोर मिळाला, कड्यावरून उतरता येतं. सेनापतीच्या माणसाशी बोलणं झालं, त्याचा डावा गुडघा दुखावलेला आहे हे कळलं. सगळं करणाऱ्याकडे लढायच्या पाच तऱ्हा असतील, थेट येणाऱ्याकडे एक. दोघांच्या तलवारीची धार मात्र तीच.

शेवटचा_बॉस

इथे मी सफाईवाल्यांचा वकील म्हणून उभा आहे. आम्हाला सगळे नावं ठेवतात. अहो, काही लोकांना यादी संपवण्यातच सुख आहे! दिवसभर डोकं पिकल्यावर विचर ३ मधल्या स्केलिगेच्या समुद्रात तरंगणारे तस्करांचे पेटारे एकेक करून उघडायला मला आवडतात. ते कंटाळवाणे आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आवडतात. ब्रेथ ऑफ द वाइल्ड (शुद्ध आरपीजी नव्हे, पण असो) मध्ये ९०० कोरोक बिया आहेत. पिशवी पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. बाकीच्या कुणी मागितल्यात? आणि सगळ्या ९०० गोळा केल्यावर बक्षीस काय, तर सोन्याची शी. डेव्हलपरने तोंडावर सांगितलंय की बाबा, गरज नव्हती. माझ्या मते ऐच्छिक भागाचं यापेक्षा प्रामाणिक बक्षीस कोणी दिलेलं नाही.

आमचा राग आहे तो चुकून निसटणाऱ्या गोष्टींवर. फायनल फँटसी १२ (२००६), मूळ आवृत्ती. झोडिअ‍ॅक स्पिअर हा खेळातला सगळ्यात जबरी भाला. तो हवा असेल तर आधीच्या प्रवासात चार ठरावीक पेट्या उघडायच्या नाहीत. कुठल्या चार, ते खेळात कोणी सांगत नाही. पेटी दिसली की उघडायची हे यांनीच शिकवलं, आणि उघडली म्हणून भाला गेला! फायनल फँटसी ९ मध्ये एक्सकॅलिबर २ हवी असेल तर १२ तासांच्या आत शेवटच्या भागात पोचायचं. म्हणजे ती तलवार घ्यायची तर बाकीचा सगळा ऐच्छिक भाग सोडायचा. हे निदान विचित्र पण सरळ तरी आहे. पेट्यांचा प्रकार निव्वळ गाइडबुक खपवणारा.

एल्डन रिंगही (२०२२) त्यातलीच. एनपीसी (खेळच चालवतो ती पात्रं) कुठून कुठे जातो पत्ता नाही, जर्नल (कामांची नोंदवही) नाही, तुम्ही भलत्या बॉसला (मोठ्या शत्रूला) मारलंत की त्याची गोष्ट खलास. शेवटी पॅच १.०३ मध्ये भेटलेल्या एनपीसीचं चिन्ह मॅपवर द्यावं लागलं ना?

चकवा

चिन्ह दिलं, जर्नल नाही दिलं. यातच सगळं आलं. त्या जगात माणसं तुमच्यासाठी थांबून राहत नाहीत, म्हणून ती जिवंत वाटतात. सगळ्या गोष्टी एका फेरीत पुऱ्या झाल्याच पाहिजेत हा हट्ट कशाला? निसटलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात वेगळीच मजा आहे. वरती मधलीसुट्टी यांना ती भिंत इथे कळली, ती मजा जर्नलमध्ये नसते.

पेट्यांबद्दल मात्र बिनशर्त सहमत. तो छळ आहे.

अवांतर: ऐच्छिक बॉस ऐच्छिक राहतोच असं नाही याचा नमुना पण एल्डन रिंगच. मूळ खेळात मोग हा दडलेला, न भेटता खेळ संपवता येणारा. २०२४ मध्ये डीएलसी आलं आणि दार मोगच्या खोलीत! राडान आणि मोग दोघांना लोळवल्याशिवाय आत प्रवेश नाही. पैसे भरून बसलेले लोक मोग शोधत हिंडत होते.

रानवाट

शेवटचा_बॉस, सोन्याच्या शीवर एक सलाम. :))

सगळं गोळा करणाऱ्याचा मान कसा राखावा याचं चांगलं उदाहरणही देऊन ठेवतो. पहिला सुइकोडेन (१९९५), १०८ माणसं जमवायची. थोडी आपोआप येतात, बरीचशी शोधून आणावी लागतात. ती जमतात तसा तुमचा किल्ला भरत जातो, नवी दुकानं, नवे जिने. (स्पॉयलर) आणि सगळी १०८ वेळेत जमली तर गेलेला ग्रेमिओ परत येतो. तो जातो तेव्हा पोटात खड्डा पडतो, म्हणून ते बक्षीस भाल्याबिल्यापेक्षा मोठं. यादी संपवल्याचं फळ कथेत मिळालं.

गूढकथी

यादीवर माझा राग नाही. यादीसारखं लिहिलेल्या माणसांवर आहे. डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन उभा असलेला एनपीसी, ‘माझं अमुक हरवलंय’, मार्करपाशी (नकाशावरच्या खुणेपाशी) जा, उचल, आण, ‘धन्यवाद, हे घे’. स्कायरिमपासून (२०११) तर ही कामं यंत्रच जुळवून देतं, कधी संपतच नाहीत. फॉलआउट ४ (२०१५) च्या प्रेस्टनचा ‘आणखी एका वस्तीला मदत हवीये’ हा विनोदाचा विषय झाला तो उगाच नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला डिस्को एलिसियम (२०१९). (छोटा स्पॉयलर) पुस्तकांच्या दुकानापाशी एक कष्टकरी बाई भेटते. नवरा घरी आलेला नाही, पण तिला त्याचं विशेष वाटत नाही, असं त्याचं नेहमीचंच. ती तुम्हाला काम देते असंही म्हणता येणार नाही. पुढे कधीतरी समुद्रालगतच्या फळ्यांच्या वाटेवर एक मृतदेह सापडतो. ज्या खुनाचा मुख्य तपास चाललाय त्याच्याशी याचा संबंध नाही. तो कुणाचा हे तुमचं तुम्हाला जुळवावं लागतं, आणि मग त्या बाईचं दार वाजवून सांगावं लागतं. लढाई नाही, लूट नाही. एक पोलीस, एक बाई, आणि काय बोलावं हे न कळणारे डायलॉगचे पर्याय. पोलिसाच्या नोकरीत मुख्य तपास सोडून आणखी काय काय असतं, ते त्या एका प्रसंगात कळतं.

क्वेस्ट मुख्य कथेला जोडलेली नसली तरी चालेल. मुख्य कथेत ज्याची चर्चा चाललीये तीच गोष्ट तिने दुसऱ्या बाजूने धरावी. धागाकर्ते, तुमची कथा निरोपाची आहे ना? मग तुमच्या साइड क्वेस्ट निरोपांच्या असू देत. न पोचलेले, उशिरा पोचलेले, मुद्दाम दाबून ठेवलेले.

आणि मार्करबद्दल एकच. मॉरोविंडमध्ये (२००२) मार्कर नव्हता, लोक तोंडी वाट सांगायचे. तुमचे तीन गावांचे मॅप आहेत, तुम्हाला तो परवडेल. पण मग पाट्या, पायवाटा, धूर यांनी वाट दिसली पाहिजे. नुसता मार्कर काढून टाकला आणि बाकी काही केलं नाही तर लोक हरवतात आणि शिव्या तुम्हाला.

अर्धवट_सेव्ह

निरोपांच्या क्वेस्ट!! हे माझ्या डोक्यात का आलं नाही.

बरं, नावाड्याची क्वेस्ट आत्ता अशी आहे: त्याचं वल्हं लांडग्यांच्या गुहेत पडलंय, आणून द्या, तो चिलखत देतो. (हसू नका.) दुपारभर बसून नवी मांडणी केलीये, फाडा:

नावाडी नदी पार करून द्यायला तयार आहे, लगेच, फुकट. फक्त जाताना विचारतो, पलीकडच्या बुरुजात माझा भाऊ आणि त्याची पोरं लपलीयेत, त्यांना ‘आज रात्री होडी येईल’ एवढं सांगाल का? बुरूज वाटेवर नाही, अर्धा दिवस मोडतो, हे तो स्वतःच सांगतो.

गेलात तर: भाऊ आणि पोरं किल्ल्यात येऊन पोचतात. तोंडं वाढली म्हणून किल्लेदार कुरकुरतो. पण भावाला मागची चोरवाट माहीत आहे.

हो म्हणून गेला नाहीत, किंवा नाहीच म्हणालात तर: नावाडी एकटाच किल्ल्यात येतो. तुम्हाला ओळखतो. भांडत नाही. विचारतो, त्यांना सांगितलंत का? तुम्ही काय उत्तर द्यायचं ते तुमच्यावर, खोटंही बोलता येतं.

नावाड्याला भेटलाच नाहीत, खालच्या उतारावरून नदी पार केलीत तर: तो किल्ल्याच्या आवारात सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरतोय, बुरुजावरून कोणी आलं का? तुम्हालाही विचारतो. तुम्हाला काहीच माहीत नाही, तसं सांगता आणि पुढे जाता.

तिसरी शाखा नाकासमोर चालणाऱ्यांसाठी. न केलेली गोष्ट त्यांना निदान ओझरती दिसेल, दोष न लागता.

चकवा

तिसरी शाखा आवडली. दुसऱ्यातला ‘भांडत नाही’ हा शब्द मरेपर्यंत बदलू नका. अंडरटेल (२०१५) मध्ये सगळ्यांना मारत सुटलं की खेळ आपल्यावर ओरडत नाही, फक्त हळूहळू गावं ओस पडत जातात. तेच जास्त बोचतं.

मी सुरुवातीला कागद कोरा ठेवा म्हणालो होतो. एखादा तरी ठेवाच. या सगळ्या निरोपांत एक अशी जागा असू द्या जिला कोणताच निरोप नाही, परिणाम नाही, फक्त कुतूहलाने जाणाऱ्याला सापडेल.

तिसरा_डोळा

मांडणी ठीक आहे. आता कोडवाल्या मित्राच्या वतीने बोलतो.

नावाड्यासाठी ‘भेटला’, ‘हो म्हणाला’, ‘बुरुजावर गेला’ असे सुटे हो-नाही फ्लॅग ठेवू नका. मग ‘भेटला नाही पण हो म्हणाला’ अशी अशक्य जुळणी कधीतरी सेव्हमध्ये सापडेल आणि नावाडी दोन जागी उभा दिसेल. एकच व्हेरिएबल, त्याच्या तीन अवस्था: भेट नाही, निरोप राहिला, निरोप दिला. किल्ल्याच्या आवारातला प्रसंग तेवढा एक आकडा वाचून ठरेल.

आणि क्वेस्ट एकमेकींत गुंतवायचा मोह टाळा. दहा क्वेस्ट, प्रत्येकी तीन अवस्था, तर शक्यता होतात ५९,०४९. सुट्या ठेवल्यात तर तपासायचे प्रसंग फक्त तीस. सगळ्यांचे परिणाम त्या एका आवारात दिसू द्या, जिथे प्रत्येक खेळाडू जाणारच आहे. वेगवेगळ्या गावांत परत जाऊन बदल बघावे लागतील असं केलंत तर थेट जाणाऱ्याला पुन्हा काही दिसणार नाही आणि दोघांच्या टीमला ते झेपणारही नाही.

शेवटचा_बॉस

चोरवाट, दोर, गुडघा... हे सगळं गोळा केलेल्याला कुठेतरी एकत्र दिसेल ना? यादी नको, पण निरोप्याच्या झोळीत खुणा साठू द्या. आम्हालाही जगू द्या.

अर्धवट_सेव्ह

झोळी नक्की. वरचा दिवसांचा आकडा आता खरा करतोय, प्रत्येक कामाची किंमत तोंडी सांगून. चकवा, पडक्या बुरुजाच्या तळघराला काहीच जोडणार नाही, शब्द देतो.

मधलीसुट्टी

रुमाल उचलला. एक बावळट शंका: आपण नावाड्यालाच मारून होडी घेतली तर?

अर्धवट_सेव्ह

एनपीसींना मारता येत नाही आमच्याकडे...

थांबा. नावाड्याला मारता यायला हवं. निरोप मग तुमच्या गळ्यात पडला आणि तुम्हाला तो माहीतच नाही. चौथी अवस्था.

तिसरा_डोळा

बाकीच्या नऊजणांनाही मारता येणार असेल तर १०,४८,५७६. मित्राला बातमी तुम्हीच द्या.